हशू, गॅस्केटचं खरं सांगायचं राहिलं

हशू, इकडे ये बघू. अजून जवळ. चपला काढायच्या कंटाळ्याने दारातच उभा राहून बोलायची तुझी खोड मला ठाऊक आहे. आज ते चालायचं नाही. असा समोर बस आणि मुकाट्याने ऐकून घे, कारण मी रागावले आहे तुझ्यावर. "अदी, रविवारी पक्का येतो," असं फोनवर कोण म्हणालं होतं? मी आपली दोन दिवस आधीपासून वाल भिजत घालून, फडक्यात बांधून, मोड आणून बसले. रविवारी सकाळी सोलायला घेतले आणि तुझ्या सुनेचा फोन आला. असं करतात का, अरे? यायचं नसेल तर माणसाने आदल्या दिवशी कळवावं.

बिरडं मी तरीही केलं. सोललेल्या वालांचं दुसरं काय करणार. कुणी फारसं खाल्लं नाही.

नातवाने मला रिक्षात घालून कॅम्प दोनला आणलं. तुझ्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि खाली माणसं उभी होती. वरचा जिना मला चढवेना, तर तुझ्या दोघा मिस्त्र्यांनी मला खुर्चीसकट उचलून नेलं. तू असतास तर म्हणाला असतास, "जॅक लावा अदीला." मला नेमकं तेच सुचलं आणि अशा वेळी हसू फुटलं. पटकन तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, रडते आहे. रडले मी, पण ते नंतर.

आत सगळ्या तुमच्याकडच्या बायका. मी कुठे टेकावं ते कळेना. एक म्हातारी माझ्या नऊवारीकडे बघून तुझ्या कमलाला विचारत होती, ही कोण. कमलाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "मेरी ननद है," म्हणाली आणि सरकून तिने तिच्या शेजारी मला जागा केली. मग मी तिथेच बसले, संध्याकाळपर्यंत.

आता मुद्द्यावर येते. आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. डॉक्टरसाहेबांना गॅस्केटचं खरं सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं. नको होतं, हे तुझं. भाऊबीज असो की कुणाचं लग्न असो, जेवणं झाली की सुपारी कातरत तू हा विषय काढायचास आणि शेवटचं वाक्य आपलंच ठेवून उठायचास. पण त्या भांडणात माझ्याजवळ एक गोष्ट होती, ती तुला ठाऊक नव्हती. ती सांगितली असती तर भांडण तिथल्या तिथे मिटलं असतं. मी सांगितली नाही, कारण तिच्यामुळे तुझ्याजवळचं काहीतरी जाईल अशी मला धास्ती होती. या रविवारी मनाचा हिय्या करून सांगणार होते. आता सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण हे कमला ऐकेल, तुझी मुलं ऐकतील, आणि तू त्यांना सांगितलेल्या गोष्टीत सगळीकडे तूच आहेस, बाकीचे आम्ही नुसते उभे.

तेव्हा तुमच्या गावाचं उल्हासनगर झालेलं होतं, पण आमच्या तोंडी अजून कॅम्पच. मिल्ट्रीच्या लांबच लांब बराकी, मधे पोती नाहीतर पत्रे लावून केलेल्या खोल्या, आणि बाहेर खाटेवर मांडलेली दुकानं. आम्ही बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला. आमचे हे डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. डॉक्टरसाहेब वयाने पोक्त, एकटे. आम्ही त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. वांगणीपासून तो बारवीकडच्या वाड्यापाड्यांपर्यंत ते रोगी बघत फिरायचे. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, पुढून हँडल मारून सुरू करायची. साहेब म्हणायचे, "ही गाडी आहे तोवर मी इथे आहे. गाडी गेली की मी पुण्याला मुलीकडे." थट्टेने नाही म्हणायचे. म्हणजे गाडी गेली की आमची नोकरी गेली, राहती जागा गेली, आणि त्या वाड्यांवरचा डॉक्टरही गेला.

उन्हाळ्याचे दिवस होते. साहेबांच्या पाहुण्यांना अंबरनाथला सोडून हे एकटेच परत निघाले. पाचला साहेबांना बदलापूर स्टेशनवरून घ्यायचं होतं आणि साहेब वेळेचे भारी कडक. मोरिवली मागे पडली आणि गाडीच्या पंख्याचा पट्टा तुटला.

तू मला नंतर समजावलंस ते इथेच सांगून टाकते. इंजिनाच्या पुढे पंखा असतो, तो रबराच्या पट्ट्यावर फिरतो आणि टाकीतलं पाणी गार ठेवतो. त्याच पट्ट्यावर डायनामो फिरतो, तो बॅटरी भरतो. पट्टा तुटला की दोन्ही बंद. तिथेच गाडी उभी करायची असते. यांनी केली नाही. साहेब स्टेशनवर घड्याळ बघत उभे राहतील, एवढंच यांच्या डोक्यात. बॉनेटमधून वाफ यायला लागली तरी हे चालवतच राहिले. अगदी समोरचं दिसेना तेव्हा थांबले आणि फडकं धरून टाकीचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळलं ते सरळ उजव्या तळहातावर. आणि मग यांनी जे केलं ते चुलीपुढे बसणारी कुठली बाई करणार नाही. तापलेल्या बिडाच्या तव्यावर आपण गार पाणी ओततो का? यांनी विहिरीवरून पाणी आणून तापल्या इंजिनात ओतलं. गाडी आणखी थोडी चालली, कण्हली, आणि बसली.

मांजर्लीला ती बैलांनी ओढून आणली. हे स्टिअरिंगवर, मान खाली. आळीतली सगळी पोरं मागे, "बैलांची मोटार आली, बैलांची मोटार आली." साहेब टांग्याने घरी आले, तेव्हा गाडी अंगणात उभी होती.

"काय झालं रे?"

"पट्टा तुटला, साहेब. तुटल्या तुटल्या उभी केली."

"आणि हाताला काय?"

"घरी चहा सांडला."

साहेबांनी हात उलटासुलटा करून बघितला, मलम लावलं, पट्टी बांधली, आणि आत गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्या दिवशी आमच्या घरी चहा झालाच नव्हता, साखर संपली होती. खरं काय ते यांनी रात्री मला सांगितलं.

कल्याणचा मिस्त्री गावी गेलेला. मग कुणीतरी सांगितलं की कॅम्प दोनमध्ये एक जण शिवणयंत्रं, स्टोव्ह, पंप, काय म्हणाल ते दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी हे तुला घेऊन आले. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीत पाने आणि हातोडी, आणि डोक्याला तेल इतकं की मला वाटलं, हा लग्नाला आला आहे. यांनी विचारलं, "मोटार खोलली आहेस का यापूर्वी?"

"दस-बीस, ड्रायव्हरसाब," तू म्हणालास. पापणी लवली नाही तुझी.

पट्टा तू मिल्ट्रीच्या भंगारातून शोधून आणलास आणि चढवलास. बॅटरी पार उतरली होती, ती सायकलवर बांधून कॅम्पात नेलीस, भरून परत आणलीस. हँडल मारलं. गाडी ढिम्म. मग पेट्रोलची नळी काढून तोंडाने फुंकलीस, आणि थू थू करत माझ्याकडे गूळ मागितलास. पेट्रोल येत होतं. मग प्लग काढून ठिणगी बघायची म्हणालास, पण भर उन्हात ठिणगी दिसेना, म्हणून माझी गोधडी मागून घेतलीस आणि ती डोक्यावर घेऊन बॉनेटमध्ये वाकलास. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, "सर्दी झालीय का गं त्याला? वाफारा घेतोय?" मी म्हटलं, "गाडीला झालीय, काकू. हा सोबत बसलाय." गोधडीतून तुझं हसणं ऐकू आलं. ठिणगीही होती.

बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक, ठिणगी ठीक, आणि गाडी काही बोलायला तयार नाही. हे बाजारात गेले होते. तू ओट्यावर बसलास, बशीत चहा ओतलास आणि बशी तशीच हातात धरून राहिलास.

"अदी, सच बोलूं?"

मी विचारलं, अदी म्हणजे काय. आमच्या सिंधीत बहीण, म्हणालास. मग म्हणालास, "मोटर मैंने कभी खोली नहीं. चक्की खोली है."

सिंधमधल्या शिकारपूरला तुझ्या वडिलांची पिठाची चक्की होती, लांब पट्ट्यावर चालणारी. त्या आवाजात तू लहानाचा मोठा झालास. "पट्टा टूटता है तो चक्की बंद. नया पट्टा डाला तो चक्की चालू. इथं चालू का होत नाही?" तू मला विचारत होतास, हशू. मला, जिने तोवर गाडीत बसूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आणि तुझा चेहरा असा, जणू कुणी तुला त्या चक्कीतून दुसऱ्यांदा बाहेर काढलं आहे.

माझी पंचाईत बघ. तुझं खोटं मला ठाऊक, यांचं खोटं मला ठाऊक, आणि तुम्हा दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. तू चक्कीवाला आहेस हे यांना सांगितलं तर हे तुला हाकलणार. यांनी गाडी उकळती चालवली हे तुला सांगितलं तर तू ते साहेबांच्या कानी घालणार, असं मला वाटलं. तू कसा आहेस ते मला अजून कळायचं होतं. आणि काहीच बोलले नाही तर गाडी अंगणात गंजणार, आणि साहेब पुण्याची ट्रंक भरणार. तुझ्या बशीतला चहा निवेपर्यंत मी हेच उलटंपालटं करत होते. मग जे माझ्या डोळ्यांना दिसलं होतं तेवढंच बोलायचं ठरवलं.

"हशू, मी सकाळी या टाकीत तांब्या-तांब्याने पाणी भरते. संध्याकाळी ते खाली गेलेलं असतं. घागर झिरपली तर खाली ओल दिसते. इथे जमीन कोरडी आहे. मग पाणी जातं कुठे?"

तू बशी खाली ठेवलीस. "पीती है?"

"पितेच म्हणायची."

"कुठे जातं?"

"ते तू सांग. तू दहा-वीस खोलल्यास ना."

चिडलास. पण उठलास, आणि या वेळी हँडल जोरात मारलं नाहीस, सावकाश फिरवलंस. परत फिरवलंस. मग मला बोलावलंस, "अदी, पकडो." मी पदर खोचला आणि हँडल धरलं. दोन जागी हात अडत होता, जोर लावावा लागत होता. दोन जागी हात नुसता फिरत होता, दाणे संपलेल्या जात्यासारखा. मी तसं म्हटलं, तर तू म्हणालास, "चक्की में दाना नहीं." आपण दोघं पहिल्यांदाच एका भाषेत बोललो बघ.

मग तू चारही प्लग काढलेस आणि हँडल गर्रकन फिरवलंस. प्लगच्या भोकातून पाणी उडालं ते तुझ्या तोंडावर. तेलाची पट्टी ओढून बघितलीस. तेल काळं असायला हवं, ते दुधाळ, चहासारखं झालेलं. पाणी आतल्या आत शिरत होतं. जिथे आग पेटायची तिथे, आणि तिथून तेलात.

तेवढ्यात हे बाजारातून आले. तू तोंड पुसलंस, तेलाची पट्टी बघितलीस, यांच्या हातावरची पट्टी बघितलीस, तुलाही यांनी चहाच सांगितला होता, आणि अगदी हळू विचारलंस, "ड्रायव्हरसाब, चाय कितनी गरम थी?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं.

"उकळती," हे म्हणाले.

"बस," तू म्हणालास, आणि पाना उचललास. पुन्हा त्या विषयावर तुम्ही दोघं एक शब्द बोलला नाहीत, हे जाईपर्यंत. म्हणून तुझ्या गोष्टीत तू म्हणतोस ना की हँडल फिरवल्याबरोबर मला सगळं कळलं, ते खरं नव्हे. आधी माझं पाणी, मग तुझं हँडल. एवढं तरी आता कबूल कर. कमला, तू साक्षीला आहेस.

इंजिनाचं वरचं झाकण काढलंस, त्याला हेड म्हणतात. त्याच्याखाली तांब्याचा पातळ पत्रा, ते गॅस्केट. दोन भोकांच्या मधली त्याची पट्टी जळून गेली होती, आणि हेड तापल्यावर गार पाणी पडून किंचित वाकलं होतं. ते सरळ करायला तू मिठाईवाल्याच्या मोडक्या कपाटाची जाड काच मागून आणलीस, ती ओट्यावर मांडलीस, वर एमरीची, म्हणजे लोखंड घासायची, पूड आणि तेल, आणि हेड उलटं घालून घासायला बसलास. गोल गोल, न टेकता, न दाबता. तुझे हात भरून आले की हे डाव्या हाताने, यांचं झालं की मी. पुरुष माणसांसमोर बसून बाईने इंजिन घासायचं, म्हणून काकू कुंपणावरून हलेना. मी तिला म्हटलं, "काकू, या तुम्हीपण, चटणी वाटायची आहे."

गॅस्केट तू मुंबईहून आणलंस. नट आवळताना मधल्यापासून सुरुवात केलीस, मग बाहेरचे, प्रत्येकाला थोडंथोडं, पुन्हा पहिल्यापासून, गोधडीला धावदोरा घालताना कापड सुरकुतू नये म्हणून आपण करतो तसं. मग हँडल. तिसऱ्या झटक्याला गाडी खोकली, मागून पाणी आणि पांढरा धूर फेकला, आणि लागली. तू हँडल हातात घेऊन उभा, डोळे भरलेले. धुराने, असं म्हणालास.

साहेब बाहेर आले. "काय निघालं?"

तू म्हणालास, "गॅस्केट जुनं होतं, साहेब. आज नाही तर उद्या जानेवालाच होतं. ड्रायव्हरसाबचा काही संबंध नाही."

"असं का," साहेब म्हणाले. मग यांना म्हणाले, "उद्या सातला. वांगणी."

तर हे ते खोटं, ज्यावरून आपण जन्मभर भांडलो. मी म्हणायची, यांनी स्वतः सांगायला हवं होतं. तू नोकरी वाचवलीस, पण हे पुढे कितीतरी महिने साहेबांच्या नजरेला नजर देत नव्हते, जेवताना मधेच थांबायचे. ते मी बघत होते, तू नव्हतास. तू म्हणायचास, "अदी, मी एक घर सोडून आलो. दुसरं घर जाताना बघणार नव्हतो. सच बोलून कुणाचं पोट भरलं असतं?" मी म्हणायची, पोटाचं नाही रे, झोपेचं म्हणते. तू म्हणायचास, "झोप येते. पोट भरल्यावर येतेच." आणि उठायचास.

गाडी लागल्यावर दोन-तीन महिन्यांनी अंबरनाथच्या फॅक्टरीतल्या एका साहेबाची गाडी तुझ्या दुकानी आली. मग दुसऱ्याची. खाटेवरचं दुकान बराकीच्या तोंडाशी आलं, बराकीचं गॅरेज झालं. तुझं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं कॅम्पात आलो. कमलाने आम्हाला आल्याआल्या पापड आणि पाणी दिलं, आणि मी मनात म्हटलं, जेवण अजून दिसत नाही आणि ही पापडच काय देते. मला ठाऊक नव्हतं, तुमच्याकडे पाहुण्याचं स्वागतच तसं. मी आपला पापड हातात धरून वरणभाताची वाट बघत बसले. तिने ते ओळखलं, तूही ओळखलंस, आणि पुढे मी कितीही वेळा आले तरी, "अदी, भात येतोय, तोवर पापड खा," म्हणून चिडवणं तुझं सुटलं नाही.

त्याच दिवशी तू पहिल्यांदा ती गोष्ट सगळ्यांना सांगितलीस. डॉक्टरसाहेब म्हणे खिडकीतून तुझे हात बघत होते. त्यांनी ओळखलं, हा कारागीर आहे. म्हणून त्यांनी फॅक्टरीतल्या साहेबांना तुझं नाव सांगितलं. "इधर आके मेरा पहला सर्टिफिकेट," असं म्हणायचास. सांगताना तुझी मान कशी ताठ व्हायची, ते मला अजून दिसतं. कॅम्पातल्या लोकांना कुणी काही बोललं, कुणी निर्वासित म्हणून हिणवलं, की तू तीच गोष्ट सांगायचास.

आणि आता माझं राहिलेलं.

साहेब पुण्याला निघाले, ते पन्नासचं दशक संपत आलं तेव्हा. थकले होते. यांना त्यांनी स्वतः शब्द टाकून फॅक्टरीत गाडीवर लावून दिलं होतं. मी त्यांच्या औषधांच्या बाटल्या कागदात गुंडाळत होते, ते खुर्चीत बसून बघत होते. बसल्या बसल्या म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या तळहातावरचा डाग गेला का गं?"

मी म्हटलं, फिकट झालाय.

"चहा अंगावर सांडला तर हाताच्या पाठीवर सांडतो, मांडीवर सांडतो. तळहात भाजतो तो झाकण उघडताना. मी डॉक्टर आहे."

मी विचारलं, "मग साहेब, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर त्याला ठेवून घ्यायला मला कारण शोधावं लागलं असतं. न बोलल्यामुळे काही शोधावं लागलं नाही." मग म्हणाले, "आणि तो कॅम्पातला पोरगा. त्याला इंजिन किती कळत होतं कुणास ठाऊक. गोधडी घेऊन बसला होता. पण माझ्या तोंडावर, माझ्याच गाडीचा दोष सांगून तो एका परक्या माणसाला वाचवत होता. तेव्हाच ठरवलं, याला कामं मिळाली पाहिजेत. हात काय, कामाने तयार होतात."

ऐकलंस, हशू? साहेबांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तू त्यांच्यापासून काही लपवलंस असं झालंच नाही. यांनी उगीच मान खाली घातली, तू उगीच शपथेसारखं ते खोटं सांभाळलंस, आणि भांडणात माझी बाजू तर उभीच राहात नाही, कारण साहेबांना सांगायला काही उरलंच नव्हतं. यांना मी त्याच रात्री सांगितलं. हे म्हणाले, "हशूला सांगू नकोस." का, ते मला विचारावं लागलं नाही. तुझं पहिलं सर्टिफिकेट तुझ्या हातांना मिळालेलं नव्हतं. तुझ्या खोट्याला मिळालेलं होतं. तुझी ती ताठ मान मला आठवली. सगळं मागे सोडून आलेल्या माणसाने इथे स्वतःच्या हातांनी मिळवलेली ती पहिली गोष्ट. ती काढून घ्यायची मला काय गरज होती? भांडण जिंकायला? म्हणून मी हरत राहिले, दर भाऊबीजेला. तुला वाटायचं, अदीकडे उत्तर नाही.

पण अलीकडे मला दुसरं वाटायला लागलं होतं. हे गेले, साहेब तर केव्हाच गेले. ही गोष्ट जाणणारी मी एकटीच. आणि मला वाटायला लागलं की आपण समजतो त्याहून हे सर्टिफिकेट मोठं आहे. हात चांगला असलेले मिस्त्री तेव्हाही कॅम्पात गल्लीगल्लीला होते. ओळखपाळख नसलेल्या ड्रायव्हरसाठी, नव्या गावात, पहिल्याच गिऱ्हाइकासमोर स्वतःची पत पणाला लावणारा एकच होता. साहेबांनी त्याला ओळखलं. मग तुला वाईट वाटायचं काय कारण? असं मला वाटतं. तुला काय वाटलं असतं, ते मला सांगता येत नाही, हशू. मी तुझी बहीण झाले तरी आतून तुझी मान कुठे दुखते ते मला कधी पुरतं कळलं नाही. रागावला असतास का? हसला असतास? की सुपारी कातरत म्हणाला असतास, "अदी, मला ठाऊक होतं"? तेही तुला शोभलं असतं. खोटं बोलायला तू कधी मागे हटला नाहीस.

वाल सोलता सोलता मी वाक्यं जुळवत होते. पहिलं हे बोलीन, मग ते बोलीन, चिडला तर असं म्हणेन. सगळी तयारी होती माझी.

आता हे कागद मी नातवाबरोबर कमलाकडे पाठवते आहे. मला लिहिणं फार जमत नाही, औषधांच्या चिठ्ठ्या वाचत वाचत अक्षरं शिकलेली बाई मी. मुलाकडून वाचून घे, कमला. तुला मराठी माझ्याइतकी येते, पण अक्षर माझं कोंबडीच्या पायाचं आहे. आणि वाचून झालं की रडत बसू नकोस. हशूचं अर्धं वाक्य नेहमी तूच पुरं करायचीस. तो काय म्हणाला असता ते आता तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तेव्हा त्याच्या बाजूने तूच ये आणि भांड माझ्याशी. कडक बोललीस तरी चालेल. मला उत्तर हवं आहे, आणि माझ्याजवळ थांबायला फार दिवस नाहीत. बाराव्याचं, मुलाच्या डोक्यावर पगडी बांधायचं सगळं उरकलं की त्याला गाडी काढायला सांग आणि मांजर्लीला ये. राहायलाच ये. लवकर ये.